केलेलं कळायला हवं

“आत टाकला. पुढं काय?”

कुणाला अटक झाल्याचं कानावर आलं, की हवालदार चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे. उत्तर द्यायला गेलात, की तुम्ही फसलात.

अठ्ठावीस वर्षं तुरुंगात पहारा करून ते निवृत्त झाले होते. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात परिवीक्षा अधिकारी होतो. आरोपीला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडता येईल का, याचा अहवाल कोर्टाला देणं हे माझं काम. हवालदार आमच्याच गल्लीत राहायचे. संध्याकाळी मी घरी आलो, की कट्ट्यावर हजर.

“साहेब, शिक्षा म्हंजे केलेलं कळणं. आत माणसाला केलेलं कळत न्हाय, नुसतं दिवस कळत्यात. ज्याचं वाईट केलं त्याचं तोंडबी इसरतो. सोताचीच कीव करत बसतो.”

शिक्षेवरची जाडजूड पुस्तकं मी वाचली होती. इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांची एकुलती एक मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. कागलच्या एमआयडीसीतून माल घेऊन येणाऱ्या टेम्पोनं तिला उडवलं. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. टेम्पोवाला शाहूवाडीचा, तिशीतला. त्यानं गुन्हा कबूल केला आणि अहवालाचं काम माझ्याकडे आलं.

मी त्यांच्या घरी गेलो. हवालदारांना काही विचारणार, तोच आतून मुलगी म्हणाली, “अण्णांना विचारू नका. पाय माझा गेलाय. त्याला आत टाका.”

मी हवालदारांकडे पाहिलं. आता ते त्यांचा प्रश्न टाकणार, असं मला वाटलं.

“तिचं बरोबर हाय,” एवढंच म्हणून ते परसात गेले. मी मागोमाग गेलो, तर नळाखाली तोंड धूत होते. “साहेब, इतकी वर्सं मी दुसऱ्याच्या पायावर बोलत हुतो.”

त्यानंतर ते तिची वेणी घालायचे, जखम पुसायचे. टेम्पोवाल्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. तीन आठवड्यांनी तिनंच मला बोलावलं. “त्याला एकदा माझ्यासमोर आणा.”

तो आला. उंबऱ्यापाशी खाली मान घालून उभा राहिला.

“वर बघा,” ती म्हणाली. त्यानं पाहिलं, आणि तो रडायला लागला.

“रडू नका. मला शाळेत जायचंय. तीनचाकी सायकल ढकलायला माणूस पाहिजे. वर्षभर याल?”

मी अहवालात तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहिलं. कोर्टानं त्याला हमीवर सोडलं. रोज सकाळी तो तिची तीनचाकी सायकल चढावरून ढकलत न्यायचा, दुपारी परत आणायचा. महिन्याभरानं मला म्हणाला, “साहेब, जेलात गेलो असतो तर सोपं गेलं असतं.”

मी हवालदारांना विचारलं, “तुमचा राग गेला?”

“न्हाय. रोज सकाळी येतो राग. पण तोबी येतोय की, येळेवर.”

अशा माणसापुढे आपण फार लहान होतो, हे तुम्हीही कधी अनुभवलं असेल.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी हवालदार गेले. रक्षाविसर्जनाला घाटावर एक अनोळखी, पन्नाशीचा माणूस आला. त्यानं मुंडण केलं होतं. बापासाठी मुलगा करतो तसं.

“पावणं, कुठलं तुम्ही?” कुणीतरी विचारलं.

“आतला,” तो म्हणाला. “बारा वर्सं हुतो. आत कशासाठी आलोय, ते हेनीच इचारलं हुतं. दुसऱ्या कुणी न्हाय.”

मुलगी कुबड्या सावरत थोडी बाजूला सरकली आणि रक्षेचं मडकं तिनं त्याच्या हातात दिलं.