यजमानांचा पुष्पगुच्छ

बोरीवलीच्या एका वाचनालयात बंगाली कवयित्रींवर माझं व्याख्यान होतं. ओळख करून देताना कार्यवाह म्हणाले, "मॅडमचे यजमान कोलकात्याला बँकेत होते, त्यामुळे मॅडमना बंगाली छान येतं."

माझं डोकंच फिरलं. बंगाली मी लग्नाआधी, नोकरी सांभाळून, चेंबूरच्या एका बाईंकडे शिकले होते. माईक हातात येताच मी तसं स्पष्ट सांगितलं. कोलकात्यात मासळीचा भावसुद्धा नवऱ्यासाठी मीच विचारायचे, हेही सांगितलं. लोक हसले, मी हसले नाही. मग तासभर बोलले, शेवटी माझ्या दोन कविता वाचल्या.

आभार मानताना कार्यवाहांनी पुष्पगुच्छ दिला तो पहिल्या रांगेतल्या माझ्या नवऱ्याला, 'मॅडमचं प्रेरणास्थान' म्हणून. आणि त्याने तो हसत हसत घेतला.

रिक्षात तो म्हणाला, "सोड ना, त्यांना काय कळतं?"

"त्यांना नाही कळत. तुला कळतं ना? मग घेतलास कशाला?"

सिग्नलला मी रिक्षातून उतरले आणि घरापर्यंत चालत गेले. एवढं चालूनही राग गेला नाही.