मुक्ताबाईंची फियाट आणि दारातली काडेपेटी

शिवण्यात मुक्ताबाईंच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात. एक बैलासारखी रुंद, जुनी पांढरी फियाट. नवरा संभाजी गेल्यावर त्या हिच्यावरच गाडी शिकल्या. भावकीनं नाकं मुरडली, आणि पुढं त्याच भावकीच्या सुना बाळंतपणाला हिच्यातूनच दवाखान्यात गेल्या. दुसरी, मुलानं, साईनाथनं घेतलेली छोटी नवी गाडी. तिला मुक्ताबाई काडेपेटी म्हणत.

"पत्रा बघ हिचा. टिचकी मारली तर खड्डा पडंल."

शेजारच्या कौशल्याची दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. आठवड्यातून तीनदा कर्वेनगरला डायलिसिस. रिक्षाचे हादरे तिला सोसेनात, तेव्हा मुक्ताबाई म्हणाल्या, "मी हाय ना." बाई मानी. एकदा म्हटलं की म्हटलं.

पण उन्हाळ्यात फियाट तापायची. वारज्याच्या कोंडीत बॉनेटमधून वाफ निघाली की थांबायचं, गार होऊ द्यायचं आणि डिकीतला पाण्याचा कॅन रेडिएटरमध्ये रिकामा करायचा. कौशल्याला डॉक्टरांनी प्यायचं पाणी मोजून दिलेलं. ती खिडकीतून बघत म्हणायची, "पाज, पाज. माझ्या वाटणीचं पण हिलाच पाज." दोघी हसायच्या.

एप्रिलात ते हसू आटलं. डायलिसिसहून परतताना भर दुपारी गाडी बंद पडली. मुक्ताबाई कॅन घेऊन उभ्या होत्या. वळून बघतात तर कौशल्याची मान कलंडलेली. हाक मारली, ओ नाही. एका रिक्षावाल्यानं उचलून दवाखान्यात पोचवलं म्हणून वाचली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा अशी उन्हात अडकली तर आम्ही काही सांगू शकत नाही.

घरी आल्या आल्या मुक्ताबाईंनी हात पुढं केला. "साईनाथ, किल्ली दे."

"फियाटची तर तुझ्याकडंच हाय."

"काडेपेटीची."

साईनाथ शहाणा, हसला नाही.

पुढच्या खेपेला कर्वेनगरच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला. फियाटचा गिअर स्टिअरिंगपाशी असतो, हाताला तीच सवय. गिअर टाकायला हात वर गेला, पण काडेपेटीत तिथं वायपरची दांडी; रखरखीत उन्हात वायपर खराखरा फिरू लागले.

"पाऊस कुठं पडतोय गं?" कौशल्या म्हणाली.

मागचा मोटारसायकलवाला शेजारी येऊन खदखदला. "आजी, काय चाललंय?"

"काच पुसतेय. तुमचं तोंड नीट दिसावं म्हणून."

चार-सहा दिवसांत हात वळला. फियाट वळवताना खांदे भरून यायचे, ही दोन बोटांनी वळते. चालू आहे की बंद, तेही कळत नाही. भांडायला काही कारणच देत नाही, हाच काय तो मुक्ताबाईंचा हिच्यावर राग. फियाट विकायचं मात्र कुणी नाव काढायचं नाही. गाडी हाकायची हिंमत तिनं दिली. ती हिंमत होती म्हणून आज ही हाकता येते.

परवा डायलिसिसहून आल्या. दारात गाडी थांबली तरी कौशल्या उतरेना. मुक्ताबाईंनी घाईनं वाकून पाहिलं, तर श्वास संथ चाललेला. बाई झोपली होती. फियाटमध्ये ती कधी झोपली नव्हती, डॅशबोर्ड घट्ट धरून बसायची.

साईनाथ बाहेर आला. "आई, एसी चालू हाय. पेट्रोल जळतंय."

"जळू दे," मुक्ताबाई हळूच म्हणाल्या. "आणि दार आपटू नको."