दोन्ही बाजूंनी धरलेली दांडी

त्या दुष्काळी वर्षी कॉलेजात पाण्याचा टँकर दिवसाआड यायचा, आणि स्पर्धेसाठी आमचा संघ बनवत असलेल्या रोबोटचं एक ना एक चाक रोज मोडायचं.

प्रत्येक चाकाला दोन मोटरी होत्या. एक चाक पळवायची, दुसरी त्याचं तोंड वळवायची. त्यामुळे रोबोट न वळता आडवा, तिरका, कसाही जायचा. पण मैदानाच्या कठड्याला जरा धडक बसली की वळवणाऱ्या गियरचे दात झडायचे. हे डिझाइन माझं होतं. "यंदा साधीच चाकं लावू," असं संघात जवळपास ठरलंच होतं.

मोडलेलं चाक पिशवीत घालून मी शहराच्या कडेला पडेगावला घरी आले. अप्पा, म्हणजे माझे वडील, एका कारखान्यात धातू कापायच्या मिलिंग मशिनवर होते. माझ्या जन्माआधी कन्नड तालुक्यातली मेंढरं विकून ते शहरात आले होते आणि मशिन शिकले होते. त्यांनी चाक खिडकीशी धरून अंगठ्यानं आडवं दाबलं.

"गियरची दांडी एकाच बाजूनं धरलीस व्हय?"

"हो. वजन कमी ठेवायचं होतं."

"मग धक्क्यानं ती वाकती. गियर एकमेकांपासून लांब सरकत्यात, दात नुसते टोकाला अडकत्यात. आन् ही धूळ बघ, ग्रीसचा चिखल झालाय."

"मी गियरच जाड करणार होते."

"नाय. आधी दांडी धर."

त्यांनी करून मात्र दिलं नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मीच दुसऱ्या बाजूसाठी प्लेट कापली, दांडीच्या दोन्ही टोकांना बेअरिंग बसवलं, धूळ अडवायला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घातली. पहिल्या दोन प्लेटांची भोकं सैल झाली, त्या भंगारात गेल्या. तिसरी बसली. मग आम्ही रोबोट मुद्दाम भिंतीवर आदळला, पुन्हापुन्हा. दात शाबूत!

स्पर्धेत तो घसरून कठड्यावर इतक्या जोरात आपटला की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा तो आडवा सरकत पुढच्या कामाला लागला होता. आमचा तिसरा नंबर आला. परीक्षकांनी रोबोट उलटा करायला लावला.

"ही चाकं कुठून मागवली?"

"मागवली नाहीत, सर. मी बनवलीत."

अप्पा गर्दीत उभे होते. शेजारच्या अनोळखी माणसाला ते म्हणाले, "पोरगी हाय माझी," आणि त्याने न विचारताच दांडीचं सगळं समजावू लागले.

पुढच्या वर्षीच्या संघानं माझं ड्रॉइंग मागून घेतलं. देण्याआधी, 'डिझाइन' या शब्दापुढच्या रिकाम्या चौकटीत मी माझं पूर्ण नाव लिहिलं.