दुपट्याचा वास

सोपानराव डॉक्टर बाळाला हात लावण्याआधी त्याचं दुपटं नाकाला लावत. पिंपरीच्या दवाखान्यात बसलेल्या बाया पदराआड हसत. मीही हसले आहे. पिंपळे गुरवच्या शेतकरी घरातला हा माणूस डॉक्टर झाला, तरी बोलणं गावचंच राहिलं. फिकट चेहऱ्याचं कुणी आलं की टॉनिक लिहून मोकळं होणं त्यांना जमत नसे. “रक्त कमी हाय, ते मलाबी दिसतंय. गेलं कुठं, ते बघू आधी,” म्हणत.

१९५०च्या दशकातली गोष्ट. यजमानांना नव्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही नगरहून आलो होतो. दिनू दीड महिन्याचा होता. थंडी पडली तशी मी ट्रंकेतली लोकरीची दुपटी काढून त्याला गुंडाळलं. तिसऱ्या दिवशी पोर पिवळं पडलं, दूध ओढेना, लंगोटावर काळ्या चहासारखे डाग. मी तशीच दवाखान्यात धावले.

डॉक्टरांनी दुपटं नाकाला लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तरी घाई केली नाही. “ताप आला व्हता? हिवतापाची गोळी दिलीस? घरात असं कुणाला झालंय?”

मी नाही, नाही म्हणत गेले.

“ह्या कापडात डांबरगोळ्या व्हत्या?”

“हो. कसर लागू नये म्हणून मीच ठेवल्या होत्या.”

“काढ ती समदी. काही पोरांचं रक्त जन्मापासूनच नाजूक असतंय, त्यास्नी ह्यो वास सोसत न्हाई. रक्त सांडलं न्हाई, आतल्या आत फुटतंय.”

धुतलेल्या चादरीत दिनूला गुंडाळून ते आमच्याबरोबर थेट पुण्याच्या इस्पितळात आले. रक्त चढवलं. दुसऱ्या दिवशी दिनू दूध प्यायला, तेव्हा कुठे मला रडू फुटलं. “मीच मारत होते हो त्याला!”

डॉक्टर स्टूल ओढून माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, “तुझ्या दिनूआधी एक पोर माझ्या हातात दगावलं, पोरी. त्याच्या दुपट्यालाबी ह्योच वास व्हता. मला आला, पर मी इचारलं न्हाई. टॉनिक दिलं.”

माझ्या मनावरचा भार उतरावा म्हणून स्वतःची चूक अशी उघडी करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

डॉक्टर जाऊन फार वर्षं झाली. अजूनही बारशाला गेले की बाळ मांडीवर घेण्याआधी मी दुपटं नाकाला लावते. सुना हसतात. दिनू मात्र कधी हसत नाही.