आधी रंग, मग पाणी

माझ्या वडिलांना लघवीसाठी घातलेली नळी, कॅथेटर, दर पंधरा-वीस दिवसांनी तुंबायची, आणि तुंबली की ताप. नळीच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर बसतो. त्यात बॅक्टेरिया आणि बुरशी एकमेकांना धरून राहतात. बोळिंजच्या फ्लॅटमधून रोज मुंबईच्या प्रयोगशाळेत मी जायचे ते हाच थर मारायला. हत्यार होतं पेप्टाइड: प्रथिनाचा चिमुकला तुकडा, जंतूंच्या अंगाला भोकं पाडणारा. एकटा बॅक्टेरिया मरायचा, एकटी बुरशीही मरायची. दोघं एकत्र आले की मात्र मेले मला भीक घालत नव्हते.

नारळी पौर्णिमेच्या आधी अर्नाळ्याला माहेरी गेले, तोंड पाडून. होडी किनाऱ्यावर कलती होती आणि शेवाळ-शिंपले बसू नयेत म्हणून भाऊ तळाला रंग लावत होता. वडील स्टुलावर, लघवीची पिशवी कमरेला, आवाज मात्र होडी हाकणाऱ्या तांडेलाचा. रंगातून सुटलेल्या एकेका फटीवरून भावाची हजेरी घेणं चाललं होतं. मी माझं रडगाणं लावलं: चार दिवस थर वाढवते, मग वरून पेप्टाइड ओतते, तो ढिम्म हलत नाही.

वडील वेडीकडे बघावं तसे बघत राहिले.

"थर बसल्यावर कशाला खरवडतेस? होडी पान्यात ढकलायच्या आधी रंग लावतात ना?"

कोळ्याची पोर मी! नळीला आधीच द्यायचे असे लेप इतरांनी केलेत हे वाचलंही होतं, वाचून बाजूला ठेवलं होतं. स्वतःचीच जाम लाज वाटली आणि हसूही आवरेना.

मग कोऱ्या नळीच्या तुकड्यांना आधी पेप्टाइडचा लेप दिला, नंतर दोन्ही जंतू सोडले. चौथ्या दिवशी जांभळा रंग घातला. थर असेल तिथेच तो धरतो. बिनलेपाचे तुकडे जांभळं खाल्लेल्या जिभेसारखे झाले. लेपाचे पांढरेफटक. वाटलं, बये, जंतू घालायलाच विसरलीस. पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं, पांढरेच. हातमोज्यांसकट नाचले मी, आणि आमच्या कडक मार्गदर्शक बाईसुद्धा खो खो हसत सुटल्या.

घरी फोन लावला तर खिदळण्यात मला धड बोलताच येईना. शेवटी वडिलांना कळलं.

"मग माझ्या नळीला कदी लावतेस?"

हसू तिथंच अडकलं. वर्षं लागतील, मी म्हणाले. आधी प्राण्यांवर, मग माणसांवर, मग परवानगी.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माझी होडी जुनी झाली. नव्यांना लाव. पन फट सोडू नको."