न झालेली ग्रामसभा

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी तेव्हा तलासरी तालुक्यात ग्रामसेविका होते. राहायला मसोलीत, रोज स्कूटीवरून जाणं-येणं... कामाचं गाव झरीच्या बाजूचं. नाव मुद्दाम लिहीत नाही.

मे महिन्यातली ग्रामसभा होती. सकाळी अकराची वेळ. मी, सरपंच, शिपाई आणि दहा-बारा माणसं... कोरम कुठून होणार? आणि पंचायत समितीला इतिवृत्त तर चार दिवसांत हवं होतं.

मग नेहमी व्हायचं तेच झालं. मी घरी बसून इतिवृत्त लिहिलं. पंचायतीच्या ऑफिससमोर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव 'सर्वानुमते मंजूर' केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रजिस्टर घेऊन पाड्यावर सह्या गोळा करायला निघाले.

खोटं कशाला बोलू, मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळीकडे असंच चालतं... आधीच्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनीही मला हेच शिकवलं होतं.

पाच-सहा घरांत पटापट सह्या, अंगठे झाले. मग देवकी मावशींचं घर आलं. साठीच्या आसपासची बाई, बचत गटात सही करायला शिकलेली. अंगणात सुकी मासळी निवडत बसल्या होत्या. मी रजिस्टर पुढे केलं.

"कशाची सही?"

"कालच्या ग्रामसभेची, मावशी."

"मी तर आले नव्हते. मग सही कशी करू?"

मी हसून म्हटलं, "अहो, सगळेच करतात. नुसती हजेरी आहे." त्यांनी हात पुसले, पण पेन काही घेतलं नाही. म्हणाल्या, "बरं, काय लिहिलंय ते वाच तरी."

मी वाचायला लागले. अध्यक्षस्थानी अमुक, सूचक तमुक, चर्चेअंती पेव्हर ब्लॉकचा ठराव... स्वतःचंच अक्षर, पण मोठ्याने वाचताना जीभ अडखळायला लागली. शेजारच्या दोन बायकाही येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"आम्ही असं ठरवलं?" मावशींनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होत्या.



मग त्यांनी मला पाड्याच्या विहिरीवर नेलं. विहिरीला कठडा नव्हता. पाणी तळाला गेलं की बायका काठावर वाकून पोहरा ओढायच्या. आदल्या उन्हाळ्यात मावशींची सून तिथूनच घसरली होती. पाय मोडला, चार महिने अंथरुणात... या रस्त्याने मी वर्षभर जात होते, पण विहिरीपाशी कधी थांबले नव्हते.

"हे सभेत का नाही सांगितलं?" मी विचारलं. विचारताक्षणी माझी मलाच लाज वाटली.

"तुमची सभा अकराला. माणसं सहाला गाडीत बसून भिलाड, उंबरगावला कंपनीत जातात. पाड्यात मागे म्हातारे आणि कोंबड्या. सुट्टीच्या दिवशी इथं घ्या. माणसं मी गोळा करते."

मी रजिस्टर बंद केलं. दुसऱ्या दिवशी सरपंचांना सांगितलं, की हे इतिवृत्त मी पाठवणार नाही, सभा परत घेऊ. ते वैतागले. "मॅडम, झालेलं काम कशाला उकरता?" झालेलं काम... मीही आदल्या दिवसापर्यंत तसंच म्हणत होते. शेवटी म्हटलं, मग माझ्या सहीशिवाय पाठवा. तेव्हा कुठे ते सभा परत घ्यायला तयार झाले.

रविवारी सकाळी पाड्यावर सभा झाली. मी आणलेल्या सतरंज्या पुरल्या नाहीत, माणसं जमिनीवरच बसली. पेव्हर ब्लॉकवरून चांगलं तासभर भांडण झालं. सरपंच चिडले, एक-दोघं उठून गेले, परत आले... अखेर विहिरीचा कठडा आधी, बाकी नंतर, असं ठरलं. देवकी मावशींनी त्या ठरावाखाली सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली.

इतिवृत्त उशिरा गेलं म्हणून मला कारणे दाखवा नोटीस आली. कठड्याचं कामही सरळ झालं नाही, कागद दोनदा परत आले. पण पुढच्या उन्हाळ्याच्या आत कठडा उभा राहिला.

नोकरीत मी कुणाकडून एक रुपया घेतला नाही, हे मी अभिमानाने सांगायचे. पण न झालेली सभा झाली म्हणून लिहायचे, आणि गावाच्या तोंडी न बोललेले शब्द घालायचे... याला काय म्हणतात, ते मी स्वतःला कधी विचारलंच नव्हतं.

मावशी मला रागावल्या नाहीत, तक्रारीची धमकी दिली नाही. मीच लिहिलेलं मला फक्त वाचायला लावलं. कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मला हे कुणी शिकवलं नव्हतं... मावशी, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले होते.