पोळ्याचा मान आणि जपानी सरदार

पोळ्याला मी केजहून गावी आले ती धास्ती घेऊनच. आमच्याकडे मानाची बैलजोडी वेशीच्या तोरणाखालून पहिली जाते. तो मान आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. खालच्या आळीचे तात्या म्हणतात, तो मुळात त्यांचा. दरसाल ह्यावरून वेशीत काठ्या निघतात; गेल्या साली माझ्या भावाच्या डोक्याला टाके पडले. दिवस मावळायच्या आत मानाची जोडी आली नाही तर मागची पुढे जाते आणि मान तिच्या धन्याचा होतो, असा जुना रिवाज आहे.

मी कॉलेजात इतिहास शिकवते. तेव्हा वर्गात जपानचे सामुराई सरदार शिकवत होते. दुपारी आबांचं मन रमावं म्हणून त्यांतल्या एकाची गोष्ट सांगितली. त्याच्या वैऱ्याच्या मुलखात जाणारं मीठ इतरांनी अडवलं, तर ह्यानं स्वतःच्या मुलखातून ते जाऊ दिलं. लढायचं ते तलवारीनं, लोकांचं मीठ तोडून नाही, असं त्याचं म्हणणं.

"वैऱ्याला मीठ? मंग सरदार कसला, किराणावाला म्हन की त्येला," आबा म्हणाले.

मला हसू आलं आणि रागही. ते सरदार काही देव नव्हते, गावंच्या गावं जाळली त्यांनी. पण न शोभणारा विजय नको, एवढी लाज त्यांच्यातल्या काहींना होती. आमच्या वेशीत ती कुणाला असेल असं मला मुळीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात भाऊ सांगत आला की मानाच्या जोडीतला एक बैल लंगडतोय. खुरात खिळा रुतला होता. खिळा निघाला, पण बैल पाय टेकवेना.

"वेशीपस्तोर तर जायचंय. हाकू तसाच," भाऊ म्हणाला.

"आज?" आबा खेकसले. "वरीसभर राबतो त्यो. आज त्याच्या मानेवर जू ठेवत न्हाईत, आन तू लंगडा हाकतू व्हय? मान गेला खड्ड्यात!"

 भाऊ कोपऱ्यातली काठी उचलून सरळ वेशीकडे गेला, दोस्तांना हाका मारत. आई पुरणपोळी लाटता लाटता दाराकडे बघत राहिली. मला बसवेना, मीही त्याच्यामागे निघाले.

वेशीत हलगी कडाडत होती; बैल लंगडल्याची बातमी आमच्या आधीच तिथं पोचली होती. झुली घातलेली तात्यांची जोडी अगदी तोरणाशी उभी होती. भाऊ बाजूला, काठी मुठीत घट्ट. दिवस बाभळींच्या मागे उतरला तसं कुणीतरी ओरडलं, "हाका तात्या, मान आता तुमचा!"  भावाच्या मुठीवरून माझी नजर हटेना.

तात्यांनी कासरा आवळला.

"हलगी बंद करा," ते म्हणाले. "त्येचं जनावर दुखावलंय म्हून पुढं जायला मी काय चोर हाय? मान मी भिडून घेईन, पुढल्या साली घेईन. आज ज्याचा हाय त्येला बलवा." मग माझ्या भावाकडे वळले. "बघतो काय बे? जा, बापाला म्हन, एकला बैल आन. आमी थांबतो."

दिवस मावळला तरी सगळी वेस थांबली. आबा एकच बैल घेऊन आले. तात्यांकडे न बघता तोरणाखालून गेले. मला रडू आलं, सुटल्याचं.

घरी आबा ताटावर नुसते बसून राहिले.

"कावून जेवत न्हाईत?" आईनं विचारलं.

"पुढल्या साली भिडतो म्हनला त्यो."

"दरसाल भिडतोच की."

"दरसाल मी काठी उचलायचो ती त्यो नालायक हाय म्हून," आबा म्हणाले. "आता काय म्हून उचलू?"